पडक्या मालगुजारी वाड्याच्या सामानातून उभे राहिलेले कोठार: माझा अनुभव

काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून पणजोबांच्या वाड्याचे अवशेष आहेत. 1860 च्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्ताने मध्य प्रांतातील मालगुजारांना, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, गावाचे मालकी हक्क मिळाले आणि पुढे नागपूरच्या आसपासच्या कितीतरी गावांत असे वाडे उभे राहिले. 1950 च्या कायद्याने ते हक्क संपुष्टात आले. घर, विहिरी आणि घरची शेती मात्र कुटुंबांकडे राहिली. आमच्या वाड्याचे छप्पर बसले, माजघर कोसळले आणि शाबूत राहिली ती समोरची भिंत व तिच्यातील दिंडी दरवाजा. आम्हाला फळ आणि अवजारे ठेवायला कोठार हवे होते, तेव्हा सगळे सपाट करा किंवा सागवान विकून मोकळे व्हा, असेच सल्ले येत राहिले. मला दोन्ही मान्य नव्हते. जे उभे आहे त्याला हात लावायचा नाही आणि जे पडले आहे ते त्याच आवारात पुन्हा वापरायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवले.

आरंभ कागदपत्रांपासून केला. सातबारा आणि गावठाणाची नोंद काढली आणि जवळपास संरक्षित स्मारक नाही याची खात्री करून घेतली, कारण केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते. ग्रामपंचायतीची परवानगी सहज मिळाली. लाकूड आवाराबाहेर न्यायचेच नव्हते, त्यामुळे वाहतूक परवान्याचा प्रश्न उद्भवला नाही.

ढिगारा उपसण्याआधी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घेतली, मापे टिपली आणि चिऱ्यांवर गेरूने क्रमांक घातले. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ज्या चिऱ्याची जी बाजू शतकभर उन्हापावसात तावून निघाली आहे तीच पुन्हा बाहेर यावी, यासाठी ते टाळता येत नाही. उपसताना पायाच्या थरात एक कोरीव दगड निघाला. त्याची कोरलेली बाजू आत वळवून बसवलेली होती आणि पाने व मण्यांची ओळ स्पष्ट दिसत होती. म्हणजे वाडा बांधणाऱ्यांनीही एखाद्या पडक्या देवळाचे दगड वापरले असावेत. 100 वर्षांहून जुने शिल्प 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून त्या भागातील काम थांबवून पुरातत्त्व विभागाला लेखी कळवले आणि पाहणी होईपर्यंत दगड जागेवरून हलवला नाही. तो बांधकामात न घालता वेगळा जपायचा, याविषयी आमच्या घरात कुणाचे दुमत नव्हते.

खरी शिकवण चुन्याने दिली. जुनी वीट चुन्यात बसवलेली असल्यामुळे हातोडीच्या हलक्या ठोक्याने ती अखंड सुटत होती. मागाहून सिमेंटने दुरुस्त केलेल्या तुकड्यात मात्र जोड न सुटता वीटच फुटत होती. चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि बारीक हालचाल सामावून घेतो. सिमेंट ओल कोंडते आणि मग क्षार विटेचा पापुद्रा काढतात. मिस्त्री म्हणाले, ‘‘भाऊ, जुन्या विटेला जुनंच जोडण द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत पोपडे पडतील.’’ आम्ही मध्य प्रदेशातील कटनीचा कळीचा (न विझवलेला) चुना आणला, टाक्यात विझवला, तो उकळून शांत झाल्यावर काही आठवडे पाण्याखाली ठेवला आणि फुटलेल्या विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळून चुन्याच्या घाण्यात मळला. चुना हवेतला कर्बवायू शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून भिंतींचे काम हिवाळ्यातच केले आणि ओली गोणपाटे पांघरून ठेवली. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो आतून पक्का होण्याआधीच वाळून भुसभुशीत झाला असता.

सागवानी खांबांच्या बाबतीत सुताराने टोचणीने प्रत्येक बुंधा तपासला. वरचा भाग टणक होता, तळखड्याला, म्हणजे खांबाखालच्या दगडाला, टेकणारे टोक मात्र काहींचे कुजले होते. कुजका भाग कापून जुन्याच सागाच्या तुकड्याचा सांधा लाकडी खुंट्या मारून बसवला आणि तळखडा जमिनीपासून उंच घेतला, जेणेकरून पाणी साचणार नाही. खांबांच्या माथ्यावर जुन्या सुतारांनी कोरलेल्या खाचा होत्या. त्या जुळवल्या तेव्हा कोणती तुळई कुठल्या खांबावर होती ते समजले आणि कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचे छत) जवळजवळ पूर्वीच्याच क्रमाने लागला.

पायाचा भाग नवा करावा लागला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात तडकते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोदून तेथून दगडी जोते उचलले. एवढ्या एका बाबतीत पूर्वजांनी थोडी काटकसर केली होती, असे भिंतींतील तिरक्या भेगा पाहून वाटते.

कोठार आता वापरात आहे. दाराच्या भिंतीवर पिंपळाची रोपटी उगवली होती; ती उपटली असती तर मुळांबरोबर चिरेही सुटले असते, म्हणून खोडे कापून मुळे मारली आणि सांधे चुन्याने भरले. भिंतीचा माथा दर वर्षी मृगापूर्वी चुन्याने लिंपावा लागतो, त्यासाठी विझवलेल्या चुन्याचे एक टाके आम्ही कायम भरून ठेवतो.