डावा ब्रेक सुटेना

एका पाकिटात ब्रेकच्या सिलिंडरात बसणारे, तेल अडवणारे दहा रबरी कप होते. सगळे काळे, एकाच मापाचे. त्यातला एक आम्ही तेलात बुडवून ठेवला होता, तो पास झाला, म्हणून उरलेले नऊ पास धरले. धंद्यात असंच धरतात. रबराच्या प्रत्येक तुकड्याची परीक्षा घेत बसलं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या शेड्सना कुलूप लागेल.

आमचं काम हायड्रॉलिक सिलिंडरचं. ट्रॉलीचे जॅक, प्रेसची दुरुस्ती, आणि उसाचा हंगाम लागला की रात्री-अपरात्री दारात येऊन उभ्या राहणाऱ्या गळक्या ट्रॉल्या. विमानाचे भाग हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे खास औद्योगिक क्षेत्रात, बनतात, तिथे एसी आणि सर्टिफिकेटांचे गठ्ठे असतात; आमच्या दारात विमान यायचं काही कारण नव्हतं. पण पॉलिटेक्निकला मला मेकॅनिकल शिकवलेले सर निवृत्त झाले आणि बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये विमान बांधायला बसले. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की तेल चाकाकडे ढकलणारे, करायची वेळ आली तेव्हा त्यांनी फोन केला, “अरे, तुझ्याकडे होनिंग होतं ना अजून?” होनिंग म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासून मापात आणणं.

विमान लाँग-ईझी जातीचं. अमेरिकेच्या बर्ट रुटानने १९७९ साली उडवलं त्या नमुन्याचं. मुख्य पंख मागे, छोटा पंख पुढे नाकाशी, आणि इंजिन-पंखा शेपटीच्या जागी, ढकलणारा. पुढच्या छोट्या पंखाला कॅनार्ड म्हणतात. त्याची गंमत अशी की वेग कमी पडला की आधी तो उचल सोडतो, नाक आपोआप खाली येतं, आणि मुख्य पंख शाबूत राहतो. वर-खाली करणारा एलिव्हेटर त्या कॅनार्डवरच, कड कलवणारे एलरॉन मागच्या पंखांवर. सगळा सांगाडा फोमचा. गरम तारेने फोम कापायचा, त्यावर काचेचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचं. बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने १९८७ साली याच लाँग-ईझीवर बेतलेलं एलसीआरए नावाचं विमान उडवलं होतं. इथे मात्र लोकांचा प्रश्न एकच, “उडणार कधी?” चार वर्षं फोम घासणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. विमानांना परवानगी देणाऱ्या डीजीसीएचे कागद वेगळेच, त्यात मी पडत नाही.

मला वेड लावलं ते पायाखालच्या व्यवस्थेनं. रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या झडपा, दोन, पंखांच्या टोकांना उभ्या असलेल्या पाखांवर एकेक. आणि दोन्ही फक्त बाहेरच्या बाजूला उघडतात. डावं पेडल दाबलं की डावाच रडर उघडतो, उजव्याला पत्ताही नसतो. दोन्ही पेडलं एकदम दाबली तर दोन्ही उघडतात आणि हवेतच गती मारतात. रडर पुरता उघडल्यावर तेच पेडल आणखी दाबलं की त्या बाजूचा ब्रेक लागतो. पुढचं चाक मोकळं फिरणारं, त्याला स्टिअरिंग नाही. म्हणजे जमिनीवर हळू चालताना वळायचं तर ब्रेकनेच. आमच्याकडे ब्रेक गाडी थांबवतो. इथे ब्रेक गाडी चालवतो.

सिलिंडर आम्ही जीव लावून केले. बोअर, म्हणजे आतला व्यास, पाच-अष्टमांश इंच. होन केल्यावर करंगळी फिरवायची, नख अडायला नको आणि आरशासारखं चकचकीतही नको, कारण तेल धरायला बारीक तिरक्या रेघा लागतात. सीएनसीवरच्या पोरांना हे सांगून कळत नाही. त्यांचं बोट स्क्रीनवरच फिरतं. पिस्टन पुरता मागे आला की टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडतं, ते आम्ही आतून भिंग लावून घासलं, कारण तिथे बुर, म्हणजे धातूची धारदार कड, राहिली तर कपाची ओठकडा कापली जाते. तेल लाल, खनिज जातीचं, विमानांना वापरतात ते. मोटारीच्या ब्रेकचं तेल ग्लायकॉलचं असतं. खनिज तेलाला नायट्राइल रबर लागतं, मोटारीच्या तेलाला ईपीडीएम. उलटसुलट झालं तर रबर फुगतं. हे पाठ होतं म्हणूनच तर पाकिटावर ‘नायट्राइल’ बघून घेतलं, वर एक कप बुडवूनही पाहिला.

टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवर चालवून बघायला, धावपट्टी नाही. एका नव्या ले-आउटचे डांबरी रस्ते झालेत, घरं एकही नाही, मालक सरांचा जुना विद्यार्थी. सकाळी पहिलं काम झाडू मारायचं, कारण टायरनं उडवलेला खडा थेट मागच्या पंख्यात जातो. विमान उभं केलं की पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवायचं, कारण आत माणूस नसला की ते मागे इंजिनावर कलंडतं. वॉचमन रोज विचारायचा, “पडलंय काय हो?”

त्या दिवशी दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीत विमान डावीकडे ओढायला लागलं. सर उजवा ब्रेक मारून सरळ करत होते, ते लांबूनही दिसत होतं, पंखाच्या टोकाशी उजवा रडर सारखा फडकत होता. बरं, उजवा मारला की दोन्ही चाकं अडणार, मग पॉवर जास्त द्यावी लागणार, की डावं आणखी तापणार. सरांनी इंजिन बंद केलं. माझा हेल्पर पळत गेला आणि दुरूनच हात धरून कानडीत ओरडला, “बिसि आगेत्री!”, म्हणजे गरम झालंय. मग बादली आणायला निघाला. सर आतूनच ओरडले, “पाणी नको! आणि बाजूनं येऊ नका, पुढून या!” तापलेलं टायर फुटलं तर रिमचे तुकडे बाजूला उडतात, आणि लाल डिस्कवर पाणी पडलं तर ती वाकडी होते. हे सांगायला त्यांनी वर्गातला आवाज काढला होता. बघायला जमलेल्या चार पोरांनी मात्र मोबाइल चाकाच्याच बाजूनं धरले होते.

इन्फ्रारेड गन लावली. उजवी डिस्क कोमट, डावी हात लावायच्या पलीकडे. चिंता डिस्कची नव्हती. चाकाचा पाय, म्हणजे दोन्ही चाकांना धरणारी ती वाकलेली कमान, काचेची आणि इपॉक्सीची आहे. खोलीच्या तापमानाला बसलेलं इपॉक्सी शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. सरांनी पायाला सिरॅमिकचं कापड आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळला होता, ब्रेकची नळीही खाली स्टीलच्या जाळीची. त्यानं वाचलं. पत्रा सोडवल्यावर आतल्या रंगाला एक फोडही नव्हता. सरांनी तिथे बोट दाबून बघितलं, मग मलाही दाबायला लावलं.

शेडमध्ये येऊन डावा मास्टर खोलला. सर्क्लिप काढली तरी पिस्टन बाहेर येईना, हलकी हवा मारावी लागली. कप हातात घेतला तर गुळगुळीत, जड, ओठकडा बाहेर वळलेली. व्हर्नियर लावलं, नव्या कपापेक्षा दीड मिलिमीटर जाड. फुगलेल्या कपामुळे पिस्टन शेवटचा केसभर मागे येत नव्हता, भोक उघडत नव्हतं, दाब आत अडकत होता. अडकलेल्या तेलाला चाकाची उष्णता लागली की ते प्रसरण पावून आणखी दाबत होतं. ब्रेक स्वतःच स्वतःला आवळत होता. एवढं कळायला पाच मिनिटं लागली.

मग उजवा खोलला. त्याचा कप टकटकीत, मापात. तेल एकाच डब्यातलं, महिनाही एकच. म्हणजे पाकिटात दोन जातींचे कप मिसळलेले होते.

पाकिटात उरलेले सात कप लाल तेलात टाकले, प्रत्येकाला वेगळी वाटी. दुसऱ्या दिवशी दोन फुगलेले, पाच जसेच्या तसे. दुकानदाराकडे वाट्यांसकट गेलो. गल्ल्यावरून न उठता तो म्हणाला, “सुटे आले होते, पोरानं पाकिटात भरले. मोटारीला चालतात की.” पोरगा समोरच उभा होता, त्याच्या हातात तसलीच पाकिटं आणि स्टेपलर. त्या पोरावर मी चिडू शकलो नाही, मालकावर चिडलो तर तो चहा मागवायला लागला. आपल्याकडे चूक कबूल करायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी. बुडवून पाहिलेला एक कप चांगला निघाला, म्हणून मी निर्धास्त होतो. एकही बुडवला नसता तर कदाचित पेडलाच्या हाताळणीवर जास्त लक्ष ठेवलं असतं. आता विमानाचा प्रत्येक कप आठवडाभर तेलात राहतो, मापला जातो आणि तोच बसतो. नायट्राइलला त्या तेलाचं काही होत नाही, त्यामुळे वाया काही जात नाही, फक्त वेळ जातो.

सरांशी वाद चालू आहे तो स्प्रिंगवरून. माझं म्हणणं, रिटर्न स्प्रिंग कडक करू, म्हणजे कप थोडा फुगला तरी पिस्टन मागे येईल. सर म्हणतात, पेडल एकच आहे. स्प्रिंग कडक केली तर रडर कुठे संपला आणि ब्रेक कुठे सुरू झाला हे पायाला नीट कळणार नाही, आणि ती जाणीव उतरताना लागते, माझ्या टेबलावर नाही. “तू बस आत आणि सांग,” म्हणाले. मी बसलो. माझ्या पायाला मऊ स्प्रिंगनंही ती सीमा कळली नाही. सर म्हणाले, तुझे पाय ट्रॅक्टरचे. मी तीन जाडीच्या तारांच्या स्प्रिंगा वळायला टाकल्यात. गुरुवारी तिन्ही लावून बघणार आहोत, विमान जॅकवर ठेवून, चाकं हवेत.