फ्रिजचा आदर्श सीओपी: एक छोटा प्रोग्रॅम

शाळेत शिकलेल्या सूत्रांपैकी शीतकरणाच्या कामात मला सतत लागतं ते सेल्सिअसचं केल्व्हिन करण्याचं. म्हणून संगणक कक्षात बसणाऱ्या आजच्या मुलांसाठी त्यावरचाच एक प्रोग्रॅम.

उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नोने १८२४ मध्ये मांडलं. अशा आदर्श इंजिनाचं चक्र उलटं फिरवलं की आदर्श फ्रिज. त्याचा सीओपी, म्हणजे एक एकक काम खर्चून किती एकक उष्णता बाहेर काढता येईल तो आकडा = थंड तापमान ÷ (गरम तापमान − थंड तापमान).

फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअस, खोली ३५ अंश. दोन्हींत २७३.१५ मिळवा: २५५.१५ आणि ३०८.१५. फरक ५३, सीओपी ४.८१. सेल्सिअस तसंच ठेवलं तरी फरक ५३च येतो. चुकतो तो फक्त भागाकारातला वरचा आकडा. उत्तर उणे आलं तर चूक लगेच दिसते. पण ४ अंशांच्या कप्प्याला ८.९४ ऐवजी ०.१३ येतं आणि ते खपून जातं. ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

फॅरनहाइटसाठी आधी ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा, मग २७३.१५ मिळवा. सी भाषेत ५/९ आधी लिहिलंत तर पूर्णांकी भागाकार शून्य देतो, दोन्ही तापमानं २७३.१५ होतात आणि छेदात शून्य येतं. ५.०/९.० लिहा. तापमानातल्या फरकाला मात्र २७३.१५ कधीच मिळवायचे नाहीत. १८ फॅरनहाइट अंशांचा फरक म्हणजे १० केल्व्हिन, बस.

भागाकाराआधी दोन अटी तपासा: थंड तापमान शून्य केल्व्हिनपेक्षा जास्त आहे ना, आणि गरम तापमान थंडपेक्षा जास्त आहे ना. पडताळणीला ० आणि ९५ फॅरनहाइट द्या, ४.८४ यायला हवं. ० फॅरनहाइट हे निरपेक्ष शून्यापेक्षा, म्हणजे शून्य केल्व्हिनपेक्षा, ४५९.६७ फॅरनहाइट अंशांनी वर असतं. म्हणून केल्व्हिनला हात न लावता ४५९.६७ ला ९५ ने भागलं तरी तेच येतं, कारण गुणोत्तराला फक्त निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं माप हवं असतं, मग एकक कोणतंही असो.

खऱ्या यंत्रासाठी खोलीचं तापमान घालू नका. उष्णता वाहायला फरक लागतो, म्हणून मागची जाळी खोलीपेक्षा गरम आणि आतली नळी फ्रीजरपेक्षा थंड असते. ५० आणि उणे २५ धरले तर आदर्श आकडाच ३.३१ वर उतरतो. कॉम्प्रेसरमधलं घर्षण आणि मोटरमधली तूट त्यानंतर.