तुम्ही विचारलंत म्हणून: लेक जिथून टी-शर्ट आणते, त्या दुकानाचे शेअर

"आमची कन्या सारखी हॉट टॉपिकमधून बँडचे काळे टी-शर्ट आणते. त्यापेक्षा त्या कंपनीचे शेअरच घेऊन टाकू का?" अमेरिकेतल्या नातेवाइकांचा हा लाडका प्रश्न.

आधी सांगतो, ते शेअर आता बाजारात नाहीत. १९९६ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आलेली ही कॅलिफोर्नियाची कंपनी २०१३ मध्ये सिकॅमोर पार्टनर्स या खासगी गुंतवणूक कंपनीने शेअरमागे १४ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ६० कोटी डॉलर देऊन विकत घेतली. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून पुढे लिहितो.

मॉलमधल्या त्या अंधाऱ्या दुकानाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे फॅशन ठरवण्याचा आव त्यांनी आणला नाही. दुकानातली पोरं गाण्याच्या कार्यक्रमाला गेली आणि तिथे बँडने, प्रेक्षकांनी काय घातलं होतं ते लिहून दिलं, की कंपनी तिकिटाचे पैसे द्यायची. शिवाय टी-शर्ट तोच, बदलते ती छपाई. एखादा बँड चालला नाही तर थोडाच माल अंगावर पडतो. जीन्स किंवा जॅकेटचा अंदाज चुकला की अख्खा हंगाम सेलमध्ये जातो.

मग अडचण कुठे येते? भाडं आणि पगार ठरलेले असतात. त्यामुळे जुन्या दुकानांची विक्री थोडी जरी घसरली तरी नफ्याला मोठी कात्री लागते. वर्षभरापेक्षा जुन्या दुकानांची ही विक्री मी सगळ्यात आधी बघतो. नवी दुकानं उघडून एकूण आकडा कुणीही फुगवेल, आणि सगळे मॉल भरले की तेही संपतं. 'ट्वायलाइट' सिनेमाचे टी-शर्ट खपत होते त्या लाटेत हॉट टॉपिकची चांदी झाली. लाट ओसरल्यावर २०१० मध्ये तुलना त्याच फुगलेल्या आकड्यांशी होती, आणि जुन्या दुकानांची विक्री खाली आली. गिऱ्हाईक पंधरा-सोळाचं, चार-पाच वर्षांत ते मोठं होतं आणि धाकट्या भावंडाला ताईचे टी-शर्ट जुनाट वाटतात!

हॉट टॉपिकनेच २००१ मध्ये मोठ्या मापाच्या कपड्यांसाठी टॉरिड नावाचं दुकान काढलं. तिथलं गिऱ्हाईक वयाने थोडं मोठं, म्हणजे टिकणारं, असं वाटेल. २०२१ मध्ये टॉरिडचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा २१ डॉलरला विकले गेले आणि पुढच्याच वर्षी भाव पाच डॉलरच्याही खाली गेला. कपडे आवडणं वेगळं आणि त्या भावाला शेअर घेणं वेगळं.

तरीही हौस असेलच, तर स्केटबोर्डवाल्या पोरांच्या कपड्यांची झुमिएझ ही कंपनी शेअर बाजारात आहे. तिचा तिमाही अहवाल उघडा आणि विक्री किती टक्के वाढली, पडून असलेला माल किती टक्के वाढला, हे शेजारी शेजारी मांडा. माल विक्रीपेक्षा वेगाने वाढताना दिसला, तर लेकीला सांगा, सेल लागेपर्यंत थांब.