भट्टी तयार, पण अमोनियाची परवानगी मिळेना

सौरउष्णतेवर अमोनिया करायचा तर नायट्रोजन देणारा आणि परत घेणारा पदार्थ लागतो. मी कोबाल्ट-मॉलिब्डेनम नायट्राइड (या दोन धातूंचं नायट्रोजनशी झालेलं संयुग) निवडलं. सुमारे ७०० अंश सेल्सिअसला हायड्रोजन सोडला की त्याच्या स्फटिकाच्या जाळीतला निम्मा नायट्रोजन निघतो (सगळ्याचा अमोनिया होत नाही, हे लक्षात ठेवा) आणि नंतर नायट्रोजन वायूत तापवलं की भरून येतो. अमोनिया बनवण्याच्या नेहमीच्या हेबर-बॉश पद्धतीतला दीडशे-दोनशे बारचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब टाळता येईल, ही आशा त्यामागे आहे. चाचणीपुरतं सूर्याचं काम विजेच्या भट्टीने केलं.

कोबाल्ट मॉलिब्डेटची पूड सहज झाली. तिचं नायट्राइड करायला वाहत्या अमोनियात तापवावी लागते, म्हणजे सिलिंडर हवा, आणि सिलिंडरला सुरक्षा समितीची परवानगी हवी. तिथे सगळं अडलं. फॉर्ममध्ये ‘वापरला जाणारा वायू’ एवढाच रकाना. माझ्या प्रयोगात अमोनिया आधी वापरला जातो आणि पुढच्या टप्प्यात तयारही होतो. हे कुठे लिहायचं, ते कोणी सांगेना. जोडपत्र लावलं, तर ‘नमुन्यात नाही’ असा शेरा मारून फाइल परत. रकान्यातच लिहिलं, तर ‘स्पष्टीकरण द्या’. मग फाइल नुसती पडून. बाहेर जाणारा वायू कुठे जिरणार, हा खरा महत्त्वाचा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मीच वायुमार्गाची आकृती काढली: सिलिंडर, भट्टी, रिकामी बाटली, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लाची बाटली. शेजारी हवेतल्या अमोनियाची २५ पीपीएमची (दहा लाख भागांत २५ भाग) मर्यादा आणि गळती-सूचक यंत्राची जागा दाखवली. आकृती पाहताच सही झाली. तुम्ही ती पहिल्याच दिवशी जोडा.

रिकामी बाटली वगळू नका. अमोनिया पाण्यात इतका झपाट्याने विरघळतो की आम्ल उलटं भट्टीकडे ओढलं जातं; ते या बाटलीत अडतं. हायड्रोजनचा अर्जही त्याच वेळी द्या. आणि रेग्युलेटर पितळेचा मुळीच नको, ओलसर अमोनिया पितळेला तडे पाडतो. स्टेनलेस स्टीलचाच मागवा.

ताजं नायट्राइड एकदम हवेत काढू नका, पेट घेऊ शकतं. आधी अगदी थोडा ऑक्सिजन मिसळलेला नायट्रोजन फिरवा. तयार झालेला अमोनिया मोजण्याआधी पूड हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात नीट तापवून घ्या. नाहीतर पुडीला चिकटलेला सिलिंडरचाच अमोनिया तुम्ही आपला म्हणून मोजाल.