दहा रुपयांचा युरो

युरोपात पाच आठवडे पाठीवर सॅक टाकून फिरायचं ठरलं तेव्हा पैशांचा प्रश्न मी आधीच सोडवून ठेवला होता, असं मला वाटत होतं. माझी एक्सेल शीट तयार होती. माणशी दिवसाला 60 युरो, विमान वेगळं, व्हिसा वेगळा. शीट इतकी देखणी की बंड्या म्हणाला, "हिला फ्रेम करून लाव." रश्मीने मात्र भलतंच विचारलं. "आपण चौघं सलग चार दिवस तरी एकत्र राहिलोय का कधी?"

नव्हतो राहिलो. कॉलेजची सहल धरली तरी दीड दिवस.

म्हणून रंगीत तालीम करायची ठरली. मांडव्यापासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, नऊ दिवस, एसटी आणि फेरीबोटीने. नियम एकच: एक युरो म्हणजे दहा रुपये. माणशी रोजचे 60 युरो, म्हणजे 600 रुपये, आणि त्यातच राहणं, खाणं, फिरणं. चौघांचे मिळून 21,600 रुपये मंदारच्या आईच्या चिवड्याच्या डब्यात भरले. ओळखीच्या घरी उतरायचं नाही, ही पोटअट. आम्ही चिपळूणचे. किनाऱ्यावर दर तिसऱ्या गावात आमच्यापैकी कुणाची तरी आत्या असते, त्यामुळे ही अट सगळ्यात जड गेली.

दर अंदाजाने ठरवला होता, पण जमला झकास. मुरुडला चौघांत एक खोली 1,200 ला मिळाली, म्हणजे माणशी 30 युरो. युरोपातल्या होस्टेलच्या डॉर्ममधली कॉटही शहर आणि महिना बघून 25 ते 40 ला पडते. सुरमई थाळी 350, म्हणजे 35 युरो. तिकडे हॉटेलात नीट बसून जेवलं की साधारण तेवढेच जातात. शीटमध्ये मी दोन्ही वेळचं जेवण माणशी 15 युरोंत बसवलं होतं. पहिल्याच दुपारी बंड्याने सुरमई मागवली आणि शीट तिथेच गचकली.

सुरमई महाग, हा मुद्दाच नव्हता. मंदार शाकाहारी आहे. त्याची थाळी 140 ची, बंड्याची 350 ची आणि डबा एक. मंदार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेआगरलाही काही बोलला नाही. फक्त जेवण झाल्यावर स्वतःसाठी दोन नारळपाणी जास्त प्यायला आणि पैसे डब्यातून दिले. मैत्रीत माणसं अशीच हिशेब चुकते करतात, आणि नारळपाणी पिणाऱ्यालाही ते कळत नसतं.

दुसरी ठिणगी श्रीवर्धनच्या डेपोत पडली. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. बंड्याचं म्हणणं, डबा सामाईक, तर वाचलेले पैसेही सामाईक. रश्मी म्हणाली, "सवलत मला दिली आहे, डब्याला नाही." यावर बागमांडल्याची जेटी येईपर्यंत वाद चालला. सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो तेव्हा निकाल तिच्या बाजूने लागला होता आणि मंदारचा चेहरा पडला होता. कारण युरेलचा, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा, तरुणांसाठीचा स्वस्त पास प्रवास सुरू होताना वय 27 किंवा कमी असेल तरच मिळतो. आम्ही तिघं त्यात बसतो, मंदार 28 चा झालाय. सवलत ज्याची त्याची, तर जादाचा भुर्दंडही ज्याचा त्याचा.

पासचं निघालंच आहे तर सांगतो. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास असतो. तो काढायचा मोह आम्हालाही झाला होता. पण किनाऱ्यावर आमचे टप्पे चाळीस-पन्नास रुपयांचे, मध्ये खाडी आली की फेरीबोटीचं तिकीट वेगळं, आणि दोन दिवस तर हलायचंच नव्हतं. पास वसूल करायचा तर दिवसभर एसटीत बसावं लागलं असतं. रेल्वेच्या पासचं तिकडेही हेच आहे. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचं आरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. प्राग, बुडापेस्टकडे साधी तिकिटंच बऱ्यापैकी स्वस्त, तिथे पास उगाच वाया जातो. मंदारला हे ऐकून फार बरं वाटलं.

हर्णैला दोन रात्री राहिलो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो. होड्यांमधून टोपल्या उतरतात, वाळूवर ढीग लागतात, त्याभोवती माणसांचं कोंडाळं, आणि आकडे इतक्या भराभर पुकारतात की नवख्याला बोली कुणाची आणि माल कुणाचा हेच समजत नाही. आम्ही लिलावात न पडता बाजूला बसलेल्या एका मावशींकडून बांगड्यांचा वाटा घेतला, शंभरला आठ. खोलीवाल्या काकूंनी ते साफ करून, तिरफळं टाकून आमटी केली, वर भात आणि सोलकढी. मसाला, गॅस आणि मेहनतीचे त्यांनी 250 घेतले. मंदारसाठी वालाचं बिरडं होतं, त्याचे पैसे त्यांनी लावलेच नाहीत. चौघं पोटभर जेवलो, माणशी नऊ युरोंच्या आत. त्या रात्री शीटमध्ये 'होस्टेलला स्वयंपाकघर हवंच' अशी ओळ पडली. सुपरमार्केटमधून पास्ता, अंडी, टोमॅटो आणून एक वेळ रांधायचं आणि एक वेळ बाहेर.

काकूंनी आमच्या पाण्याच्या बाटल्याही मोजल्या. "रोज बारा बाटल्या? आमच्या विहिरीला काय झालंय?" वीस रुपयांची एक, म्हणजे दिवसाला 240 रुपये. आमच्या भाषेत 24 युरो फक्त पाण्यात! माझ्या शीटमध्ये पाण्याचा रकानाच नव्हता. पश्चिम युरोपातल्या बहुतेक शहरांत नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, तेव्हा प्रत्येकाने एक स्टीलची बाटली न्यायची. असेच न दिसणारे आणखी खर्च आम्ही त्या रात्री ओटीवर बसून काढले: रेल्वे स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचा एखादा युरो, बऱ्याच शहरांत रात्रीमागे लागणारा पर्यटक कर, सॅक ठेवायचा लॉकर, आठवड्याचे कपडे धुणं. एकेक किरकोळ, पण पाच आठवड्यांची बेरीज केल्यावर बंड्या सुरमईबद्दल जरा नरमला.

दाभोळ-धोपावे ओलांडून गुहागरला पोचलो आणि आमची खरी चूक कळली. आठवडा शिमग्याचा होता. चिपळूणच्या पोरांनी हे विसरावं म्हणजे कमालच. मुंबईहून चाकरमानी उतरलेले, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. तवसाळला पोचेपर्यंत जयगडला जाणारी शेवटची फेरीबोट सुटली होती. समोर शास्त्रीच्या पलीकडे दिवे दिसत होते आणि गणपतीपुळ्याच्या खोलीचे आठशे रुपये आगाऊ भरलेले. ते गेलेच. न झोपलेल्या पलंगाचे पैसे आणि झोपायला नवा पलंग, असा दुहेरी खर्च.

नवा पलंग काही मिळाला नाही, पडवी मिळाली. त्या घरी त्याच रात्री पालखी येणार होती. ढोल वाजत आले, पालखी अंगणात नाचली, मागून कमरेला घुंगरं बांधलेला, काळ्या कपड्यांतला, उंच टोकदार टोपीचा संकासुर आला आणि नेमका मंदारपुढे पोस्त मागायला उभा राहिला. डबा मंदारकडेच होता. त्याने शंभराची नोट काढून दिली आणि आमच्याकडे बघितलं. हा खर्च सामाईक की खाजगी? सकाळी घरमालक पैसे घेईनात, म्हणून तुळशीपाशी नारळ आणि एकशेएक ठेवून निघालो. शीटमध्ये 'आकस्मिक, दहा टक्के' हा रकाना तिथे आला. मोठ्या प्रवासाच्या दिवशी रात्रीची खोली फुकट रद्द करता येईल अशीच घ्यायची, हेही.

रत्नागिरीत फक्त झोपलो. मालवणला मात्र शेवटची बैठक झाली, खानावळीत, ताटं उचलली गेल्यावर. झोपणं, एकत्र प्रवास, चहा आणि रांधायचं सामान डब्यातून. बाहेरचं जेवण, बिअर, म्युझियमची तिकिटं टीटीएमएम. व्हिसाचे 90 युरो ज्याचे त्याने आधीच भरायचे, कारण व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. किमान 30,000 युरो कव्हरचा विमाही तसाच. देश नवावरून पाचावर, स्वित्झर्लंड फक्त दोन रात्री. आवाज जरा चढले असावेत, कारण खानावळीच्या आजी आतून आल्या आणि म्हणाल्या, "युरोपाक जातलास आणि बांगड्यावरसून भांडतास?"

सावंतवाडीला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलो तेव्हा डब्यात 130 रुपये उरले होते. बंड्याला काजू घ्यायचे होते, तेवढ्यात बसत नव्हते. कुडाळला चहावाला चढला. चार चहा, चाळीस रुपये. रश्मीने पर्स उघडली, तोवर मंदारने डब्याचं झाकण काढलं होतं. मग त्याने खिशातून वही काढून लिहिलं: चहा, सामाईक, 4 युरो.