ताट्या भरायचे दिवस

कूलर सुरू करून खोलीच्या खिडक्या लावून घेणारा माणूस बहुधा नागपुरात नवा असतो. ती एसीची सवय. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसली की ओल खोलीतच साचते, तासाभरात चादर चिकट लागते आणि मग कूलरच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं. समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडली तर तोच कूलर गार वाटतो. जुन्या घरांत हे कुणाला सांगावं लागत नव्हतं, कारण तिथे आधी वाळ्याच्या ताट्या होत्या आणि ताटीला पंखाच नसायचा. समोरचं दार उघडं नसेल तर ताटी म्हणजे नुसती भिजवलेली चटई.

ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांची चौकट आणि तिच्यात सुतळीने टाचलेल्या वाळ्याच्या मुळ्या. मुळ्या उभ्याच बसवायच्या. वरून टाकलेलं पाणी मुळीला धरून खालपर्यंत उतरतं. आडव्या असल्या तर मध्येच ठिबकून जातं आणि खालचा भाग कोरडा राहतो. एप्रिल-मेमध्ये इथे गरम वारा मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून येतो, म्हणून ताटी त्या बाजूच्या दाराला किंवा खिडकीला बाहेरून टांगायची. चौकटीच्या कडेला फट राहिली की झळा नेमक्या तिथूनच घुसतात, तिथे ओलं गोणपाट कोंबायचं. भर दुपारी पंधरा-वीस मिनिटांनी पाणी मारावं लागे आणि त्यासाठी घड्याळ बघायची गरज नव्हती: वाळ्याचा वास मंदावला की ताटी वाळली. (आता कूलरच्या पाण्यात टाकायची खस अत्तराची बाटली मिळते. तिने वास येतो, गारवा तसूभरही वाढत नाही.) दुसऱ्या वर्षी मुळ्या ठिसूळ होत, वास उतरे. त्यातल्या बऱ्या निवडून, धुऊन, त्यांची जुडी माठात जाई.

नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं. उन्हाळ्यात सरकार पचमढीला चढायचं. जे खालीच राहिले त्यांच्या नशिबी ताटी. इंग्रजी अमलात थर्मँटिडोट नावाची एक लाकडी पेटीही हिंदुस्थानात वापरात होती. आत हाताने फिरवायची पाती, बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या. आजच्या कूलरची मोटर काढा, तिथे एक माणूस उभा करा, झाला थर्मँटिडोट. पुढे वाळा जाऊन वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक कुरळे धागे आले, बांबू जाऊन पत्रा आणि जाळी आली, तरी बाजूच्या त्या चौकटीला नागपूरकर ताटीच म्हणत राहिले.

ताट्या भरणं हे मार्च-अखेरचं काम. जुनं वुडवूल काढून जाळी तारेच्या ब्रशने घासायची. नवा जुडगा आधी अंगणात झटकायचा, नाहीतर त्याचा भुसा पहिल्याच दिवशी पंपात जातो. मग धागे हाताने मोकळे करून जाळीवर उलटसुलट पसरायचे, दीड-दोन बोटं जाड. सगळी गोम इथे आहे. जास्त दाबून भरलं तर हवा आत येत नाही, पंखा गुदमरतो आणि ताटीच्या कडेच्या फटींतून कोरडी हवा ओढतो. विरळ भरलं तर भिजल्यावर वुडवूल खाली बसतं आणि वर चार बोटांची उघडी खिडकी तयार होते. हवा नेहमी सोपी वाट धरते. ताटीत हातभर जागा कोरडी असली तर गरम हवा तिथूनच जास्त येणार. म्हणून वरच्या बाजूला भर थोडी अधिक ठेवायची, दुसरी जाळी लावून तारेने आवळायची आणि रात्रभर नुसता पंप चालवायचा. सकाळी जिथे बसलं असेल तिथे पुन्हा भरायचं. पहिलं पाणी चहासारखं तांबूस येतं, तो लाकडाचा रंग. ते फेकून द्यायचं.

टाकीचं काम त्याच्या आधीचं. पत्रा तळाशी सडतो असं वाटतं, पण गंज आधी धरतो तो पाण्याच्या रेषेवर, जिथे पत्रा कधी ओला कधी कोरडा असतो. खरवडून, एक दिवस उन्हात पूर्ण वाळवून आतून डांबराचे दोन हात. ओलसर पत्र्यावर मारलेलं डांबर आठ दिवसांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि पंपाची जाळी बंद करतं. ताटीवरच्या पन्हाळीची भोकं बारीक खिळ्याने मोकळी करायची; एक भोक बुजलं की त्याच्याखाली ताटीत कोरडा पट्टा पडतो.

आता थोडं गणित. पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो. कूलर हवेला याच्या खाली नेऊ शकत नाही. नीट भरलेली ताटी या २१ अंशांपैकी चार-पंचमांश कापते, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २८. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की तेच अंतर चार अंशांवर येतं. त्यात कूलर बिघडलेला नसतो; हवेत आणखी फारसं पाणी मावत नाही, इतकंच. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. अठरा इंची पंख्याचा कूलर नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक दिवसांत, तासाला १५ ते २० लिटर पाणी पिऊ शकतो. दोन फूट बाय दोन फूट टाकीत अर्धा फूट पाणी म्हणजे पंचावन्न लिटर, तेही तीन तासांत संपणार. घरातल्या एकाची दुपारची झोप मोडायची ती याच हिशोबाने.

वाफ होतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलं तर बोअरच्या पाण्याने महिन्याभरात ताटीवर पांढरं कवच चढतं आणि वुडवूल काडीसारखं कडक होतं. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करायची आणि भिंती ब्रशने घासायच्या. घासणं महत्त्वाचं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही टिकतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पंखा घूं घूं करतो पण फिरत नाही, काडीने ढकलला की फिरतो: मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला. तेवढ्यासाठी मोटर बदलायची गरज नसते. सुरू होतो पण जड फिरतो: मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो बुश कोरडा, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब. पंप चालतो आणि पाणी चढत नाही, तर आधी नळी पिळवटली आहे का ते बघा.

जुन्या पत्र्याच्या कूलरच्या आठवणी काढताना एक गोष्ट विसरू नये. तो माणसं मारायचा, अजूनही मारतो. पत्र्याची टाकी, पाण्यातली तडकलेली वायर, दोन पिनांचा प्लग आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज कूलरमध्ये तसाच राहतो. प्लगच काढायचा. तीन पिनांची वायर, तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. प्लास्टिकचा कूलर या एका बाबतीत निर्विवाद चांगला. बाकी त्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅडला दरवर्षी भरायची कटकट नाही, वासही नाही.

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर उतरवायचा. वुडवूल फेकायचं, टाकी वाळवायची, मोटरवर कापड बांधायचं. अख्खा कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडून दिवाळीपर्यंत पत्रा लाल होतो. पंप गोड्या पाण्यात मिनिटभर चालवून मग ठेवायचा. पुढच्या मार्चमध्ये प्लग लावण्याआधी त्याचं चक्र बोटाने एकदा फिरवून पाहायचं. क्षाराने धरलं असेल तर रात्रभर लिंबाच्या पाण्यात.