बॅकअपचा मेल: बाउन्स नीट वाचला, मग पोर्ट बदलला

रात्रीचा बॅकअप संपला की स्क्रिप्टने मेल पाठवायचा, एवढंच या टप्प्याचं काम होतं. ते आता व्यवस्थित चालू आहे. पण मेल पोहोचत का नव्हते हे शोधताना जे हाती लागलं ते बॅकअपपेक्षाही मोलाचं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

बाउन्स, म्हणजे मेल पोहोचला नाही हे कळवणारे परतीचे मेल, इनबॉक्समध्ये येतच नव्हते. ते सापडले मशीनवरच्याच लोकल मेलबॉक्समध्ये, व्हार-मेल या फोल्डरमध्ये साठलेले. बाउन्स उघडला की वरचा ‘मेल पोहोचला नाही’ हा मजकूर सोडून द्या आणि सोर्समध्ये खाली जा. तिथे डिलिव्हरी-स्टेटस नावाचा वेगळा भाग असतो. रिमोट-एमटीए या ओळीवरून नकार कोणत्या सर्व्हरने दिला ते कळतं. स्टेटसचा पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर नकार कायमचा. मधला आकडा कारणाचा गट सांगतो: १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे मेलबॉक्स, ७ म्हणजे सुरक्षा आणि धोरण. ५.१.१ दिसलं तर पत्ता तपासावा, ५.२.२ म्हणजे समोरचा मेलबॉक्स भरलाय. इथे होतं ५५० ५.७.१. म्हणजे पत्त्यात काही खोट नव्हती, पाठवणाराच संशयास्पद ठरत होता.

कारण असं की मेलला पाठवणारे दोन असतात. एक फ्रॉम हेडरमधला, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा एन्व्हलपमधला, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात. एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली नोंद) तपासलं जातं ते एन्व्हलपच्या डोमेनवर, बाउन्सही तिथेच परततो. डीमार्क या तपासणीच्या धोरणाला मात्र फ्रॉमचं डोमेन एसपीएफ किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही), यांपैकी निदान एकाशी जुळलेलं लागतं. स्क्रिप्ट मेल लोकल सेंडमेलच्या (मशीनवरच्याच मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाती देत होती आणि तो एन्व्हलपवर यूजरचं नाव आणि मशीनचं होस्टनेम टाकत होता. त्या होस्टनेमची डीएनएसमध्ये नोंदच नाही! मेल नाकारला जाणं आणि बाउन्स घरातल्या घरात पडून राहणं, दोन्हीचं मूळ हेच.

म्हणून लोकल सेंडमेल बाजूला ठेवून पायथनच्या एसएमटीपीलिब या मेल पाठवण्याच्या लायब्ररीने डोमेनच्या मेल सर्व्हरवर लॉगिन करून मेल द्यायला सुरुवात केली. पोर्ट ५८७ वर जोडणी साधी सुरू होते आणि नंतर स्टार्टटीएलएस या आज्ञेने कूटबद्ध होते. पोर्ट ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने शक्य तिथे दुसऱ्या पद्धतीलाच पसंती दिलीय, मीही तीच घेतली. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: एसएमटीपीलिबला एसएसएल कॉन्टेक्स्ट (प्रमाणपत्र कसं तपासायचं ते सांगणारी सेटिंग) स्वतः द्या. नाही दिला तर जोडणी कूटबद्ध होते, पण सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जात नाही, आणि मग मधे बसलेल्या कुणालाही पासवर्ड मिळू शकतो. तपासणी खरंच होतेय का हे बघायला सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी टाकून स्क्रिप्ट चालवली. प्रमाणपत्राच्या एररवर जोडणी लगेच तुटली. हवं होतं तेच झालं.

पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. कमांड लाइनवर तो कधीच देऊ नये, चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या पीएसच्या यादीत दिसतो. शक्य असेल तर मुख्य पासवर्ड न वापरता फक्त या स्क्रिप्टसाठी ॲप पासवर्ड काढावा, म्हणजे गरज पडली तर तेवढाच रद्द करता येतो.

आणखी एक बारकावा. अनेक पत्त्यांपैकी सगळे नाही, फक्त काही नाकारले गेले तर एसएमटीपीलिब एरर देत नाही, नाकारलेल्यांची डिक्शनरी परत करतं. ती आता लॉगमध्ये जाते.

सेंडमेल गेला तशी त्याची रांगही गेली, त्यामुळे ४ ने सुरू होणारा नकार आला तर पुन्हा प्रयत्न करणं हे स्क्रिप्टचंच काम झालंय. सध्या असा मेल एका फोल्डरमध्ये ठेवला जातो आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पुढच्या फेरीत आधी तोच जातो. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत नेणं अजून बाकी आहे.